कोरड्या भिंतीवरची गोधडी

माझ्या हातून झालेली पहिली गोधडी रागाच्या भरात झाली. लोक प्रेरणा वगैरे शब्द वापरतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक बोहारीण येते.

मुदतीआधी नोकरी सोडली त्याच महिन्यातली गोष्ट. नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या अंगाला आमची इमारत आणि आम्ही दहाव्या मजल्यावर. बत्तीस वर्षं कचेरीत नेसलेल्या सुती साड्या मी कपाटातून काढल्या. बावीस भरल्या. घड्या घालून, काठ जुळवून त्या बोहारणीपुढे मांडल्या. तिने एकेक साडी उजेडाकडे धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या पाटीतून चहाची एक गाळणी काढून उंबऱ्यावर ठेवली.

"ही कितीची?" मी विचारलं.

"सगळ्यांची," ती म्हणाली. "सुती कोण घेतं आता, ताई?"

बावीस साड्यांची एक गाळणी! त्यातली एक मी बढतीच्या दिवशी नेसले होते. एक नेसून साहेबांशी असं भांडले होते की आठवडाभर ते मला जिन्यात वाट देत होते. आणि गाळणीची जाळीसुद्धा एका बाजूने उचकटलेली होती. मी तिला लिफ्ट दाखवली, दार आपटलं आणि साड्यांच्या ढिगासमोर बसले. परत कपाटात ठेवायच्या म्हणजे हार. कोणाला फुकट द्यायच्या म्हणजे त्याहून मोठी हार. मी कात्री घेतली.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा हॉलभर चौकोन पसरलेले होते. तो मितभाषी आहे, म्हणूनच आमचं टिकलं. "हे असंच ठेवायचंय का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात गेला आणि स्वतःपुरता चहा करून बसला.

त्या संध्याकाळी मी एक राखाडी तुकडा सहज एका हळदी तुकड्याशेजारी ठेवला आणि राखाडीचा निळा झाला. उचलला, पुन्हा राखाडी. ठेवला, पुन्हा निळा. असं मी दहा वेळा केलं. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारून बोलावलं. त्याने वाकून पाहिलं, "छान आहे," म्हणाला, आणि कांदे कुठे ठेवलेत ते विचारलं. मला त्याचाही राग आला नाही. बत्तीस वर्षं मी फायली इकडच्या तिकडे ठेवत आले होते, त्यातली एकही कधी निळी झाली नव्हती.

शिवण मला येत नव्हती. ती शिकवली पाचूबंदरहून आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या कोळणीने. मंगळवारी ती दारात पाटी उतरवून बसली, माझे टाके पाहिले आणि म्हणाली, "सुईशी भांडतंस काय गो? टाका तांदळाएवढा घाल. आनि भायेरून आत ये. आतून भायेर गेलीस तर मदी फुगा येल." मी विचारलेल्या बोंबलाचं राहिलंच. तिने पाऊण तास मला चारी बाजूंनी फिरत मध्याकडे कसं यायचं ते दाखवलं. तेव्हापासून दर खेपेला ती आधी गोधडी उलटी करायला सांगे. पुढची बाजू तिने कधी धड पाहिलीच नाही. "पुढून सगल्याच चांगल्या दिसतात," ती म्हणे.

आता वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला, किंवा माझ्यापायी.

ती बरोबर आमच्या डोक्यावर राहते. इमारतीत राहायला आलो तेही एकाच आठवड्यात. नऊ वर्षं रोज चार वाजता ती चहाला खाली येते. मध्ये तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला. तीन वर्षं त्याचं सगळं तिने केलं, तेव्हासुद्धा ती दहा मिनिटं का होईना, यायचीच. तो जाऊन आता दोन वर्षं झाली. ती फार बोलत नाही, तो भाग मी सांभाळते. गोधडी सुरू झाल्यावर तिने एक काम स्वतःकडे घेतलं. माझे डोळे गेलेले, मला सुईत दोरा ओवता येत नाही. ती आल्या आल्या बारा सुया ओवून सोफ्याच्या हाताला ओळीने टोचून ठेवायची, मग चहा प्यायची. त्या बारा सुयांत माझा दुसऱ्या दिवशीच्या चारपर्यंतचा वेळ जायचा.

चार महिने आम्ही असं काम केलं. आमच्या खिडकीतून दिसते ती खाडी मी केली होती. मिठागरांचे पांढरे चौकोन, मधून जाणारं राखाडी पाणी, कडेला तिवरांचा काळपट हिरवा. लांबी सहा फूट, रुंदी चार. पांघरायची नव्हे, भिंतीवर लावून बघायची गोधडी. ती बेडरूममध्ये लावायचं ठरलं होतं. पण मैत्रीण पंधरा दिवस बहिणीकडे रत्नागिरीला गेली आणि मला घाई झाली. बेडरूममध्ये कोण येतंय बघायला? मी नवऱ्याला हॉलच्या मोकळ्या भिंतीवर भोकं पाडायला लावली. ती भिंत बाथरूमला लागून आहे. लावली तेव्हा ती ठणठणीत कोरडी होती, हे मी शपथेवर सांगते.

पहिल्या दिवशी शेजारीण आली. गोधडीसमोर उभी राहिली, मान कलती केली. मी श्वास रोखून उभी.

"ओल आहे का हो मागे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अहो ही कला आहे. ती म्हणाली, "हो हो, ती आहेच. पण ओल किती आहे?"

आमच्याकडे भिंतीवर मोठं काही लावलं तर त्याचा दुसरा अर्थच नसतो. इमारत नवी असो की जुनी, वर्ष-दोन वर्षांत कुठेतरी पोपडे सुटतात आणि त्याच्यावर मग देवाचं मोठं कॅलेंडर येतं, नाहीतर फ्रिज सरकतो. माझ्या खाडीकडे जो आला त्याने आधी कोपरा उचलायला हात पुढे केला. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ तर चष्मा लावून दहा मिनिटं बघत राहिले. मला वाटलं, आला, शेवटी एक रसिक आला. ते म्हणाले, "हुबेहूब. ओल अशीच पसरते."

या सगळ्याला मी पुरून उरले असते. पण रत्नागिरीहून मैत्रीण परत आली. चारला बेल वाजली, ती आत आली, गोधडी कुठल्या भिंतीवर आहे ते तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी चहा पुढे केला तर "दूध उतू जाईल," म्हणाली आणि गेली. कप तसाच. तिच्या घरी तेव्हा दूध आलेलंसुद्धा नव्हतं. कुलूप उघडून ती थेट खाली आली होती. दुसऱ्या दिवशी चार वाजले, पाच वाजले. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी विचार केला आणि मला वाटलं की मला सगळं कळलं. इमारतभर चर्चा होती की आमची भिंत ओली आहे. आमची भिंत ओली म्हणजे वरचं बाथरूम गळतंय. वरचं बाथरूम तिचं. म्हणजे मी हॉलमध्ये सहा बाय चारचा फलक लावून तिच्या बाथरूमची जाहिरात केली होती! मी तशीच वर गेले. तिने दार साखळीएवढंच उघडलं.

"अगं वेडे," मी म्हटलं, "भिंत कोरडी आहे! लोक काहीही बोलतात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता रडते की काय. "असू दे गं," ती म्हणाली. "डोकं दुखतंय." दार लागलं.

आता यात डोकं दुखण्यासारखं काय होतं? मी चिडले. खाली येऊन सुई ओवायला बसले. अर्ध्या तासात एकही ओवली गेली नाही, मग नवऱ्यावर चिडले.

इकडे माझी विद्यार्थी-संख्या वाढायला लागली. मला कोणाला शिकवायचं नव्हतं. पण शेजारीण आली आणि म्हणाली, "आमच्या बेडरूमला एक करून द्या ना. आमची ओल तीन बाय अडीच आहे." मी म्हटलं, मी करून देत नसते, हवी तर शिकवते. मला वाटलं पळून जाईल. ती दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणींना घेऊन आली. एकीने ओलीचं माप मेजर-टेपने काढून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. दुसरीने वर्तमानपत्र भिंतीला लावून ओलीची कडच पेनाने गिरवून आणली होती.

तो गिरवलेला कागद मी हॉलमध्ये पसरला आणि बघतच राहिले. काय आकार होता! कुठल्याही माणसाने मुद्दाम काढला नसता असा. वर बारीक, मध्ये पोट सुटलेलं, खाली दोन पाय फुटलेले. मी म्हटलं, "झाकायची कशाला? हीच शिवा." त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पण तोवर मी साड्यांचे तुकडे काढले होते आणि माझ्यातली बत्तीस वर्षांची हेडक्लार्क जागी झाली होती. तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.

अशी आमची पद्धत ठरली. बुधवार-शनिवार दुपारी तीन वाजता बायका आपापली ओल गुंडाळी करून आणायच्या. आधी ती जमिनीवर पसरायची, सगळ्यांनी भोवती उभं राहून बघायची. एकीच्या ओलीत कोंबडा निघाला. एकीच्या ओलीत तिचे मोठे दीर निघाले, नाकासकट, आणि तिने ते इतक्या प्रेमाने जांभळ्या रंगात शिवले की घरी त्यावरून दोन दिवस अबोला होता. ओल वाढली की गोधडीला काठ वाढवायचा. कोळीण पाटी उतरवून सगळ्यांच्या गोधड्या उलट्या करून बघायची आणि एकेकीला उसवायला लावायची. तिला सगळ्या जणी माझ्यापेक्षा जास्त घाबरत.

आणि मला ते आवडायला लागलं. शिकवणं. म्हणजे एखादी बाई तासभर दोन तुकडे हातात धरून "जमत नाही, जमत नाही" करत बसते, मी तिचा हात धरून हिरवा तुकडा उचलून तांबड्याजवळ ठेवते, आणि तिच्या तोंडून "अय्या" निघतं, ते. त्या एका "अय्या"साठी मी बुधवारची वाट बघायचे. सांगायला मात्र कोणी नव्हतं. चार वाजता सगळ्या चहा प्यायच्या, माझं लक्ष दाराकडे. वरून बादली सरकवल्याचा आवाज आला की मी बोलता बोलता थांबायचे.

एकदा कोळणीने माझी खाडी उलटी बघायला मागितली. मी म्हटलं, आता ती टांगली आहे, काढायची नाही. तिने भिंतीजवळ नाक नेलं. "भिंत पानी पिते काय गो तुजी?"

"तूसुद्धा?" मी ओरडले.  तिने पापलेट तेवढं लहान दिलं.

जानेवारीत सोसायटीच्या सेक्रेटरींनी यात लक्ष घातलं. तोवर इमारतीतल्या अकरा घरांत गोधड्या लागल्या होत्या. सेक्रेटरी प्रत्येक गोष्ट लेखी करणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं, फ्लॅट बघायला येणारी माणसं घरोघरी भिंतीवर गोधड्या बघतात आणि खाली जाऊन थेट शेजारच्या इमारतीची चौकशी करतात. त्यांनी लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लावली. गळतीचं मूळ शोधण्याची मोहीम आमच्यापासून सुरू होणार होती, कारण पहिली गोधडी आमची. आणि खाली सरळ मैत्रिणीच्या फ्लॅटचा नंबर घालून लिहिलं होतं की सदर सदनिकाधारकाने बाथरूमची दुरुस्ती तात्काळ करून घ्यावी, अन्यथा पाणी तोडण्यात येईल.

मी नोटीस वाचली तेव्हा मैत्रीण लिफ्टमधून बाहेर पडत होती. तिनेही वाचली. मग मान खाली घालून भाजीची पिशवी घेऊन गेटबाहेर गेली. एकटी बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तिचा नंबर असा बोर्डावर. माझं डोकं फिरलं.

मी सेक्रेटरींच्या दारावर गेले. "या पाहणीला," मी म्हटलं. "सगळी कमिटी घेऊन या. प्लंबर आणा. मी सगळ्यांसमोर गोधडी काढते. भिंत कोरडी निघाली की ती नोटीस तुम्ही स्वतःच्या हाताने फाडायची आणि तिची माफी मागायची."

"मॅडम, प्रोसिजरने होईल," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

रविवारी सकाळी अकराला पाहणी ठरली. मी साबुदाणे भिजवले, वडे केले. मला वडे जिंकल्याच्या आनंदात वाढायचे होते. सेक्रेटरी वही घेऊन आले, दोन कमिटी मेंबर आले, प्लंबर हातोडी घेऊन आला, माझ्या विद्यार्थिनी आल्या. कोळीण पाटी घेऊन दारात बसली. मैत्रिणीला कळवलेलं होतं, ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती आली. साडी बदलून, केस विंचरून आली आणि थेट माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "नको काढूस."

"का नको?" मी मोठ्याने म्हटलं. "अगं तुझ्यासाठीच काढतेय!"

नवऱ्याने स्टूल धरलं. मी चढले, दांडी सोडवली आणि गोधडी खाली ओढली.

भिंत ओली होती. थोडीथोडकी नाही. छतापासून उतरत आलेली, मध्ये पोट सुटलेली, काळी-हिरवी, कडेला पांढरे पोपडे. हातातल्या गोधडीची पाठ बुरशीने काळी झाली होती आणि मिठागरांचे दोन चौकोन पुढपर्यंत डागाळले होते. चार महिन्यांचे टाके. मी स्टुलावर उभी, तोंड उघडं.

 एक विद्यार्थिनी सवयीने म्हणाली, "केवढा सुंदर आकार आहे."

खरं सांगते, मला पहिल्यांदा भयंकर संताप आला आणि तो मैत्रिणीवर आला. म्हणजे गळत होतं! आणि ही बाई माझ्याशी बोलत नव्हती! मी फिरले तिच्याकडे. ती भिंतीकडे बघतच नव्हती. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून ती माझ्याकडे बघत होती, मी आता काय बोलणार त्याची वाट बघत. तिचा नवरा गेला त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले तेव्हा ती अशीच उभी होती. मी तेव्हा तिच्या शेजारी होते.

"गोधडी परवा धुतली होती," मी म्हटलं. "पाहुणे येणार म्हणून. ओलीच लावली. त्याचं पाणी मुरलं."

सेक्रेटरींनी पेन थांबवलं. जवळ येऊन गोधडीला हात लावला. "पण मॅडम, ही पुढून तर कोरडी आहे."

 मी खोटं बोलायला उभी राहते, पण दुसऱ्या वाक्यात अडकते. तेवढ्यात स्टूल धरून उभा असलेला माझा मितभाषी नवरा म्हणाला, "पुढून इस्त्री केली."

"तुम्ही?"

"हो. मशीनमध्ये मीच धुतली."

"एवढी मोठी?" एका मेंबरने विचारलं. "किती किलोचं मशीन आहे?"

"साडेसहा," नवरा म्हणाला. "दोनदा लावलं."

प्लंबर छताकडे बोट दाखवून म्हणाला, "ओ साहेब, पण हे पाणी वरनं…" तर कोळीण दारातून म्हणाली, "अरे बाबा, तू वडा खा आदी. गरम हाय." आणि शेजारणीने त्याच्या हातात ताटली दिली. मग माझ्या सगळ्या विद्यार्थिनी एकदम बोलायला लागल्या. आम्ही पण ओल्याच लावतो. सुती कापड आहे ना, पाणी धरतं. ओली लावली की चुण्या पडत नाहीत. बाईंनीच तसं शिकवलंय. इतक्या ठामपणे त्या बोलत होत्या की क्षणभर मलाच वाटलं, शिकवलं असेल.

सेक्रेटरी बिचारे सरळ मनाचे. त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "सदनिकाधारकाने गोधडी ओल्या अवस्थेत टांगल्यामुळे भिंतीस ओल आली असे निदर्शनास आले. वरील सदनिकेचा संबंध दिसून येत नाही." मी सही केली. नवऱ्याने साक्षीदार म्हणून केली. जाता जाता त्यांनी बोर्डावरची नोटीस काढली आणि तिथे दुसरी लावली की रहिवाशांनी गोधड्या पूर्ण वाळल्याशिवाय भिंतीवर लावू नयेत. ती बरेच दिवस होती.

सगळे गेल्यावर मैत्रीण राहिली. सोफ्यावर बसली. मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "आता बोल. कधीपासून गळतंय?"

"एक वर्ष झालं," ती म्हणाली. "मी दाखवलं होतं प्लंबरला. तो म्हणाला, सगळी भिंत फोडावी लागेल. खालच्यांच्या हॉलमध्ये उतरणार म्हणाला, या भिंतीत."

"मग फोडायची ना!"

"त्या भिंतीत दांडी आहे." ती म्हणाली. "यांना धरायला बसवलेली. ती काढावी लागणार होती."

त्या दांडीबद्दल मला माहीत होतं. ती बसवायला माझा नवराच गेला होता वर. सकाळी नऊ वाजता अंघोळ घालताना ती मागून आपल्या नवऱ्याला धरायची आणि तो दांडी धरून उभा राहायचा, तीन वर्षं. मी गप्प बसले. माझ्या बाबतीत असं फार वेळा होत नाही.

"रत्नागिरीहून आले," ती म्हणाली, "आणि बघितलं तर नेमकी त्या भिंतीवर तुझी गोधडी. मला वाटलं तुला ओल दिसली. मला बोल लागू नये म्हणून तू एवढ्या मेहनतीची गोधडी त्याच्यावर टाकलीस. वर येऊन 'भिंत कोरडी आहे' असं खोटं सांगितलंस. मग मी रोज इथे बसून तुझ्याकडे कुठल्या तोंडाने बघणार होते?"

चार महिने या बाईने मला देवमाणूस समजून माझ्याकडे येणं सोडलं होतं!

"मला काहीही दिसलं नव्हतं," मी म्हटलं. "बेडरूममध्ये कोणी बघणार नाही म्हणून मी ती हॉलमध्ये लावली. लोकांनी वा वा करावं म्हणून. बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मला तिच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. मग ती रडली. मीही रडले, पण मी त्या दोन डागाळलेल्या मिठागरांसाठी रडत होते असं तिला सांगितलं. गोधडी नंतर गच्चीवर आठ दिवस उन्हात घातली. डाग गेले नाहीत. कोळणीने ती उलटी केली, मग आयुष्यात पहिल्यांदा पुढूनही पाहिली आणि म्हणाली, "आदी नुसतं कापड होतं. आता खाडी दिसते."

फेब्रुवारीत मैत्रिणीने स्वतःहून प्लंबर बोलावला. दहा दिवस वर हातोड्या चालल्या आणि माझा वर्ग त्या आवाजात भरला. तेवढे दिवस ती अंघोळीला आमच्याकडे यायची, सकाळी नऊला, बादलीत टॉवेल, साबण आणि कपडे घेऊन. तिची अंघोळ होईपर्यंत मी बाथरूमच्या दाराबाहेर मोढा टाकून तुकडे जुळवत बसायचे आणि बोलायचे. कोणाची ओल कुठवर आली, कोणाच्या दिरांचं नाक उसवलं, आज कुठला रंग कशाशेजारी ठेवला. आतून पाण्याचा आवाज आणि मधूनमधून "हं".

अकराव्या दिवशी वर सगळं झालं. नवी फरशी, नवे नळ. दांडी तिने कपाटात ठेवली. बाराव्या दिवशी नऊला बेल वाजली. ती बादली घेऊन उभी.

"अगं, तुझं बाथरूम झालं ना?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "चांगलं झालंय. पण तिथे आता धरायला काही नाही."

"मग माझ्याकडे तरी कुठे काय आहे?"

"तू बाहेर बडबडत असतेस," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने कडी लावली.

मी गीझर चालू केला आणि मोढा दाराजवळ ओढला.